पेनसिल्व्हेनियात दंतवैद्यक शिकायचंय? अर्जाची वाट, आणि मुलाखतीला गेलात की पाहायच्या जागा

फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात, ब्रॉड स्ट्रीटवर टेंपल विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे. तिथल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहात एक लाकडी बादली आहे, दातांनी भरलेली. सोबत दातांचीच ओवलेली माळ: ३५७ दात, आणि ते सगळे एकाच दिवसात उपटले असा मालकाचा दावा. हा मालक म्हणजे 'पेनलेस' पार्कर, याच संस्थेचा १८९२ चा पदवीधर. हा गावोगाव तमाशा भरवून दात काढायचा. जाहिरातीतल्या 'वेदनारहित' शब्दावर हरकत आली, तेव्हा १९१५ मध्ये त्याने कायदेशीररीत्या स्वतःचं नावच 'पेनलेस' करून घेतलं.

त्या बादलीबद्दल मला कळलं ते इथे मुलाखतीला येऊन परत गेल्यावर. विमानतळ, हॉटेल, कॉलेज, विमानतळ एवढंच मी फिलाडेल्फिया पाहिलं होतं. बीडीएस, म्हणजे आपल्याकडची दंतवैद्यकाची पदवी, झालेली आपली बरीच मुलं असंच करतात, आणि मला ते फार खटकतं. ज्या राज्यात आयुष्याची दोन-चार वर्षं आणि घराइतका पैसा घालायचा ते राज्य पायी फिरून बघायला हवं. शिवाय आपला धंदा ज्यांनी उभा केला त्यांच्या खुणा इथे रस्त्यारस्त्यावर आहेत. म्हणून या लेखात दोन्ही आहे: प्रवेशाची वाट आणि पाहायच्या जागा.

आधी आपली वाट ठरवा

राज्यात दंतवैद्यकाची पदवी देणारी तीन जुनी कॉलेजं आहेत. टेंपलचं कॉर्नबर्ग स्कूल सगळ्यात जुनं. १८६३ मध्ये 'फिलाडेल्फिया डेंटल कॉलेज' म्हणून सुरू झालं आणि १९०७ मध्ये टेंपलमध्ये आलं. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचं, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'पेन' म्हणतात त्याचं, १८७८ चं. पिट्सबर्ग विद्यापीठाचं, म्हणजे 'पिट'चं, १८९६ चं. तिघंही डीएमडी ही पदवी देतात. डीडीएस आणि डीएमडी यांत नावापलीकडे फरक नाही, लायसन्स सारखंच मिळतं. घरच्यांना हे एकदा समजावून सांगा, म्हणजे "त्या शेजारच्या मुलाला डीडीएस मिळालं" हा विषय संपतो.

तुम्ही भारतात बीडीएस केलं असेल तर तुमची मुख्य वाट 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग'. चार वर्षांच्या डीएमडीत मधूनच, साधारण दुसऱ्या वर्षाच्या पातळीवर, घेतात आणि दोन ते अडीच वर्षांत पदवी मिळते. पेन आणि पिट यांचे असे कार्यक्रम अनेक वर्षांपासून चालू आहेत. कोणतं कॉलेज यंदा परदेशी दंतवैद्य घेतंय, किती जागा आहेत, कोणत्या अटी बदलल्या, हे दरवर्षी नव्याने कॉलेजच्याच पानावर वाचा. सीनियरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या अटींवर विसंबू नका.

दुसरी वाट थेट स्पेशालिटीची: दात सरळ करणारं ऑर्थो, हिरड्यांचं पेरिओ, दाताच्या मुळाचं एंडो, कृत्रिम दातांचं प्रॉस्थो, लहान मुलांचं पीडो. काही विभाग डीएमडी नसलेल्या परदेशी पदवीधरांनाही घेतात. पण इथे एक मोठा खड्डा आहे. नुसती स्पेशालिटी केली म्हणून पेनसिल्व्हेनियात प्रॅक्टिस करता येईल असं धरून चालू नका. नेहमीच्या लायसन्ससाठी राज्याचं दंत मंडळ मान्यताप्राप्त कॉलेजची दंतवैद्यकाची पदवी मागतं. वेगवेगळ्या राज्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून पुढे कुठे राहायचं हे आधी ठरवा आणि मग अर्ज करा.

इथेच वाढलेल्या मराठी मुलांची वाट सरळ आहे: चार वर्षांचं कॉलेज, दंतवैद्यकाची डॅट ही प्रवेशपरीक्षा आणि मग चार वर्षांचं डीएमडी. डॅटमध्ये विज्ञान, वाचन आणि गणिताबरोबर आकृत्या ओळखण्याचा एक भाग असतो, कागदाच्या घड्या आणि कोन. हुशार मुलं तिथेच अडकतात, कारण तो पाठांतराने येत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अर्ज उघडतात. पहिल्याच आठवड्यांत भरा. प्रवेश येतील तसे देत जातात, त्यामुळे उशिरा आलेल्या चांगल्या अर्जालाही जागा उरत नाही.

आणि एक वाट आपल्याकडे कमीपणाची समजतात, ती म्हणजे डेंटल हायजिनिस्टची, दवाखान्यात रुग्णांचे दात साफ करणाऱ्याची. फिलाडेल्फियाचं कम्युनिटी कॉलेज, ब्लू बेलचं माँटगोमेरी काउंटी कम्युनिटी कॉलेज, बेथलेहेमचं नॉर्दॅम्प्टन, ब्रिन मॉरचं हारकम अशा ठिकाणी हा कोर्स आहे. स्वतंत्र लायसन्स, चांगला पगार, ठरलेले तास. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे इथे आलेल्या आणि घरी लहान मूल असलेल्या बीडीएस व्यक्तीने याचा मनापासून विचार करावा. हायजिनिस्ट म्हणून काम करता करता पुढे डीएमडीला जाता येतं, आणि इथल्या दवाखान्याचा अनुभव अर्जात बोलतो.

कागद: सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून सगळ्यात आधी

महाराष्ट्रातून बीडीएस केलेल्यांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचे अधिकृत उतारे, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून निघतात. ते परदेशी पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे ईसीई किंवा डब्ल्यूईएसकडे, विद्यापीठाकडूनच गेले पाहिजेत. तुम्ही स्वतः पाकीट उघडून पाठवलेलं चालत नाही. 'प्रत्येक विषयागणिक' अहवाल मागवा, साधा नको. याला महिने लागू शकतात. परीक्षेचा अभ्यास सुरू करायच्या आधी हा अर्ज टाका, म्हणजे अभ्यास होईस्तोवर कागद आपोआप पुढे सरकत राहतात.

आता नावाचं प्रकरण, कारण मी इथेच एक अख्खं वर्ष गमावलं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा वेगळा रकाना आणि 'गिव्हन नेम'मध्ये नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने काढला असेल तर वडिलांच्या जागी नवरा, आणि आडनावही वेगळं. माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव होतं, पासपोर्टवर सासरचं, आणि डिग्रीवर वडिलांच्या नावात एक 'अ' जास्त. फाइल अडकली ती अडकलीच. पत्रांना उत्तरं येईपर्यंत त्या वर्षीची अर्जाची मुदत निघून गेली.

तुम्ही असं करा. एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: पासपोर्ट, डिग्री, मार्कशीट, स्टेट डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दहावीचा दाखला. प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर लिहून काढा. जिथे फरक दिसेल तिथे लग्नाचा दाखला, राजपत्रातली नाव बदलल्याची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यांतलं जे लागेल ते आत्ताच काढून ठेवा. डेंटपिन, म्हणजे अमेरिकेत दंतशिक्षणाच्या परीक्षा-अर्जांसाठी मिळणारा ओळख क्रमांक, पासपोर्टवरच्या नावानेच काढा. परीक्षेच्या दारात ओळखपत्र आणि नोंदणीचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचं 'गुड स्टँडिंग'चं, म्हणजे तुमची नोंदणी निर्वेध असल्याचं, पत्रही मागवून ठेवा, आणि रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते त्याआधी.

परीक्षा

राष्ट्रीय परीक्षा म्हणजे आयएनबीडीई. जुन्या दोन भागांच्या परीक्षेच्या जागी ती २०२० मध्ये आली. एकूण ५०० प्रश्न, दोन दिवस: पहिल्या दिवशी ३६०, दुसऱ्या दिवशी १४०. निकाल नुसता पास की नापास. हे नीट लक्षात घ्या, कारण आपली मानसिकता टक्क्यांची. इथे 'टॉप' करण्यासाठी आणखी सहा महिने घासण्यात अर्थ नाही. पास होण्याची खात्री आली की द्या आणि उरलेला वेळ हाताच्या सरावाला द्या. प्रश्न विषयवार नसतात. एक रुग्ण समोर ठेवतात, त्याची औषधं, एक्स-रे, तक्रार, आणि मग विचारतात. फार्मॅकॉलॉजी आणि मेडिकल इतिहास ज्यांनी बीडीएसला ढकलगाडी करून काढला, त्यांना इथे घाम फुटतो.

ही परीक्षा वर्षानुवर्षे अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांवर दिली गेली आहे. त्यामुळे केंद्र कुठे मिळतंय हे आधी पाहून व्हिसा आणि विमानाचं गणित मांडा. प्रयत्नांवर मर्यादा आहे, पाच वर्षांत पाच. 'एकदा देऊन बघू' ही चैन इथे परवडत नाही. इंग्रजीच्या टोफेलचे गुण दोन वर्षंच चालतात, म्हणून ती परीक्षा अर्जाच्या जवळच द्या.

अर्ज आणि बेंच टेस्ट

परदेशी दंतवैद्यांचा सामायिक अर्ज 'कॅपिड' नावाच्या पोर्टलवर भरतात. तो साधारण मार्चमध्ये उघडतो आणि प्रत्येक कॉलेजची अखेरची तारीख वेगळी असते. शिफारसपत्रांत 'हा विद्यार्थी आज्ञाधारक व कष्टाळू आहे' असं ठरीव पत्र नको. सरांना विनंती करा की एक तरी खरी केस लिहा: कोणता रुग्ण, तुम्ही काय निर्णय घेतला, काय चुकलं, कसं सावरलं.

बऱ्याच ठिकाणी मुलाखतीबरोबर हाताची परीक्षा, म्हणजे बेंच टेस्ट, असते. टायपोडोंटवर, म्हणजे प्लास्टिकचे दात स्क्रूने बसवलेल्या जबड्यावर, क्लास टू प्रेप (दोन दातांच्या मधल्या बाजूला भरण्यासाठी कोरलेली पोकळी) किंवा क्राउनसाठी, म्हणजे टोपी बसवण्यासाठी, दात तासायचा. आपण सराव करतो तो काढलेल्या खऱ्या दातांवर, आणि फसतो तो इथेच. खऱ्या दाताचं वरचं कडक इनॅमल बरला, म्हणजे दात कोरायच्या फिरत्या टोकाला, विरोध करतं, आतलं मऊ डेंटिन आलं की हाताला कळतं. प्लास्टिकला तो आवाजच नाही. खऱ्या दाताच्या सवयीने दाब दिला की बर लोण्यासारखा आत जातो आणि दीड मिलिमीटरची खोली क्षणात अडीचची होते. किमान दोनशे प्लास्टिकचे दात तासल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका, असं मी माझ्या मागून येणाऱ्यांना सांगते.

दुसरी गोष्ट शेजारच्या दाताची. बॉक्स, म्हणजे पोकळीचा शेजारच्या दाताकडचा भाग, उघडताना बाजूच्या दाताला ओरखडा गेला की बाकी प्रेप कितीही देखणी असली तरी गुण जातात. मध्ये पातळशी भिंत राखून ठेवा आणि शेवटी हातातल्या अवजाराने ती मोडा. आणि बसण्याकडेही परीक्षकाचं लक्ष असतं: टायपोडोंट छातीशी घेऊन वाकडी मान करून काम करणारा उमेदवार त्यांना रोज दिसतो. आरशातून काम करण्याची सवय लावा. मला वरच्या दाढेवर आरशातून बर फिरवायला जमेपर्यंत सहा आठवडे लागले.

हो, तो ३३० नंबरचा बर हातात धरताना एक गोष्ट आठवा. एसएस व्हाइटच्या पाकिटातून आपण बीडीएसभर बर काढले, ती कंपनी सॅम्युअल स्टॉकटन व्हाइटने १८४४ मध्ये याच फिलाडेल्फियात सुरू केली, चिनी मातीचे दात बनवण्यापासून.

पैसा, व्हिसा, लायसन्स

पेन खासगी आहे. फी, उपकरणं आणि राहणं धरून वर्षाचा खर्च लाख डॉलरच्या पुढे जातो. टेंपल आणि पिट यांना राज्याची काही मदत असते, त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशांना फी कमी पडते. भारतातून थेट येणाऱ्याला ती सवलत नाही. नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी एक मोठा बदल झालाय: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद आहे आणि व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळतं. उरलेलं कुठून येणार हे प्रवेशाच्या आधी घरी बसून कागदावर मांडा. गावाकडची जमीन तारण ठेवण्याचा विचार असेल तर तो आई-वडिलांशी आकडे समोर ठेवून बोला, आश्वासनं देऊन नव्हे.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची बारा महिन्यांची मुभा मिळते. तेवढ्यात लायसन्स हातात हवं. त्यासाठी पदवी, आयएनबीडीई, अ‍ॅडेक्ससारखी प्रत्यक्ष हाताची परीक्षा आणि बालकांवरील अत्याचार ओळखण्याचं तीन तासांचं प्रशिक्षण लागतं. हे शेवटचं ऑनलाइन होतं आणि हमखास विसरलं जातं.

मुलाखतीला आलात की: फिलाडेल्फियात दोन दिवस

पेनला जाणाऱ्याने चाळिसाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरून स्प्रूस स्ट्रीटपर्यंत चालत जावं. कोपऱ्यावरची ती दगडी, गढीसारखी दिसणारी इमारत म्हणजे इव्हान्स इन्स्टिट्यूट, १९१५ ची. थॉमस इव्हान्स इथलाच. तो पॅरिसला जाऊन तिसऱ्या नेपोलियनचा दंतवैद्य झाला. १८७० मध्ये राजवट कोसळली तेव्हा सम्राज्ञी युजेनी त्याच्याच दारी आली आणि त्याने तिला देशाबाहेर पोचवलं. मरताना त्याने संपत्ती दंतशिक्षणासाठी ठेवली. जवळच्याच वुडलँड्स स्मशानभूमीत त्याचा उंच स्तंभ आहे.

मग बाविसाव्या रस्त्यावरचं म्यूटर म्युझियम. वैद्यकातल्या माणसाला तिथे अर्धा दिवसही कमी पडतो. मला सगळ्यांत धरून ठेवलं ते एका बरणीने. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडच्या वरच्या जबड्यातली गाठ १ जुलै १८९३ रोजी एका बोटीवर, कोणालाही न कळवता काढली; देशात आर्थिक घबराट होती आणि बातमी फुटू द्यायची नव्हती. चेहऱ्यावर व्रण नको म्हणून सगळं काम तोंडातूनच केलं. भूल द्यायला दंतवैद्य होता आणि पुढे टाळूची पोकळी भरायला रबराचा प्रॉस्थेसिस बनवणाराही दंतवैद्यच. शस्त्रक्रियेत मदत करणारे डॉ. कीन फिलाडेल्फियाचे, त्यांनी १९१७ मध्ये हे जगाला सांगितलं. प्रॉस्थोची परीक्षा देऊन आलेल्या माणसाने त्या बरणीसमोर उभं राहून तो ऑब्ट्युरेटर, म्हणजे टाळूची पोकळी बंद करणारा प्रॉस्थेसिस, कसा बनवला असेल याचा विचार करावा.

पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्समध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचं गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये काढलेलं पूर्णाकृती चित्र आहे. ओठांकडे बघा, आतल्या कवळीने तोंड फुगलेलं. १७८९ मध्ये अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. कवळ्या लाकडाच्या होत्या ही दंतकथाच. त्या हस्तिदंत, धातू आणि माणसांच्या दातांच्या होत्या. सहाव्या रस्त्यावर मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्याशी त्याच्या घराची जागा आहे. त्या घरात त्याने नऊ जणांना गुलाम म्हणून ठेवलं होतं.

तिथून दोन पावलांवर लिबर्टी बेल. तिकीट नाही, पण सुरक्षा तपासणीची रांग लांब असते, म्हणून सकाळी लवकर जा. इंडिपेंडन्स हॉलमध्ये १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना संमत झाली. वर्षातले बहुतेक महिने तिथे वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं.

आता आनंदीबाई. कल्याणची ही मुलगी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, एकटी बोटीने निघून या शहरात आली आणि ११ मार्च १८८६ रोजी वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्याच कॉलेजातून १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या आणि मुंबईत त्यांनी काम केलं. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, ते घ्यावं. हे कॉलेज पुढे ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकशाखेत मिसळलं आणि त्याचा दफ्तरसंग्रह ड्रेक्सेलकडेच आहे. आधी लिहून वेळ घेतली तर जुनी कागदपत्रं पाहता येतात. १८८५ च्या त्या फोटोत नऊवारीतली आनंदी, किमोनोतली जपानी के ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबूली शेजारीशेजारी बसल्या आहेत. इथे आलेला प्रत्येक मराठी विद्यार्थी हा फोटो मोबाइलवर पाहून आलेला असतो. तो कुठल्या शहरात काढलेला आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं.

टेंपलची ती बादली पाहायची असेल तर ब्रॉड स्ट्रीट लाइनने अ‍ॅलेगेनी स्टेशनला उतरा. संग्रह कॉलेजच्या आवारात आहे, म्हणून आधी विचारून जा.

पिट्सबर्गकडे

गाडी असेल तर वाटेत यॉर्क आणि गेटिसबर्ग करा. यॉर्कला १७७७-७८ मध्ये अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तेव्हाची प्रतिनिधीसभा, काही महिने बसली होती; दातांचं साहित्य बनवणाऱ्या डेंट्स्प्लाय कंपनीचं मुख्य ठाणंही अनेक वर्षं इथेच होतं. गेटिसबर्ग तिथून तासाभराच्या आत. अमेरिकेच्या यादवी युद्धातली १ ते ३ जुलै १८६३ ची ती लढाई समजायला मैदान मोठं आहे, दुपार मोकळी ठेवा. गाडी नसेल तर फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला रोज एक रेल्वे जाते. साडेसात तासांच्या आसपास लागतात, पण अल्टूनाजवळ १८५४ चं हॉर्सशू कर्व्ह वळण खिडकीतून दिसतं. डोंगराला वळसा घालताना आपल्याच गाडीचं दुसरं टोक समोर येतं.

पिटचं डेंटल कॉलेज सॉक हॉलमध्ये आहे. ही इमारत पूर्वी महापालिकेचं रुग्णालय होती आणि जोनास सॉकने पोलिओची लस इथेच तयार केली. १२ एप्रिल १९५५ ला ती सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. मुलाखतीच्या रांगेत उभे असाल तेव्हा भिंतींकडे नीट बघा.

खाली उतरलात की ४२ मजल्यांचं कॅथेड्रल ऑफ लर्निंग दिसेल. त्यात निरनिराळ्या देशांच्या परंपरेने सजवलेल्या वर्गखोल्या आहेत. भारताची खोली २००० साली झाली, नालंदा विहाराच्या अंगणावर बेतलेली, लालसर विटांची. तिथे खरेच तास चालतात. दार बंद असेल तर वाट पाहा, तास संपला की आत जाऊन बसता येतं.